राहिलेला हात

माझी बायको भागू गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर पाण्याची टाकी धूत होतो. फोन खाली स्वयंपाकघरात वाजत होता. वाजू दे म्हटलं. रविवारची सकाळ, म्हणजे चामखिळीचं औषध मागणाऱ्या कुणाचा तरी असणार. "मावशी आहेत का?" एवढंच विचारतात. मावशी नव्हत्या. मावशी, म्हणजे भागू, पेठ गावी बहिणीच्या नातवाच्या बारशाला गेल्या होत्या आणि दुपारच्या गाडीने येणार होत्या.

फोन थांबला, पुन्हा वाजला. मग खालून निसारने हाक मारली, "चाचा, उचलू का? लय वेळ वाजतोय."

निसार मालेगावचा, यंत्रमागावर कामाला. तो आणि त्याची बायको ताहेरा पहाटेच निघून आले होते आणि आमच्या पायरीवर भागूची वाट बघत बसले होते. मी म्हटलं, उचल बाबा.

तो जिना चढून वर आला. फोन लगेच दिला नाही. आधी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला, बाजूला ठेवला, मग फोन दिला. पलीकडे माझी मेहुणी पुतळाबाई होती.

"दाजी, भागी गेली. चुलीपुढं बसली व्हती. चहा दे म्हणाली अन् कलंडली."

मी विचारलं, "मग चहा घेतला का तिने?" का विचारलं कुणास ठाऊक.

ताहेराचा भाऊ मुबीन आमच्या जवळच वडाळ्यात राहतो, रिक्षा चालवतो. त्याच्या रिक्षातून मी आणि निसार पेठला गेलो. घाटात रिक्षा दमत होती. ताहेरा आमच्या घरी थांबली. तिने टाकीचं राहिलेलं धुतलं, शेजारणींना सांगितलं, पुण्याला माझ्या मुलाला, रोहितला, शेजारणीकडून फोन करवला. परक्या घरात हे सगळं तिने केलं. मी अजून तिचे आभार मानलेले नाहीत.

आता औषधाबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

भागूच्या माहेरी झाडपाल्याची औषधं होती. तिच्या आईने ती मुलींमध्ये वाटून दिली, जशी भांडी वाटतात तशी. पुतळाबाईला कावीळ मिळाली, भागूला चामखीळ. जिचं जे असेल तेच तिने द्यायचं. झाडाचं नाव सांगायचं नाही. पुढे द्यायचं तर पोटच्या मुलीला किंवा सुनेला, होळीच्या दिवशी, झाडापाशी नेऊन. आम्हाला मुलगी नाही. सून सायली पुण्यात संगणकावर काम करते. भागूने तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "आई, मला पालक आणि चुका वेगळे ओळखता येत नाहीत." दोघी हसल्या आणि विषय तिथे संपला.

इंदिरानगरला घर घेतल्यापासून भागू दर रविवारी सकाळी औषध लावायची. लोंबणारी चामखीळ असेल तर मुळाशी घोड्याचा केस आवळून बांधायची. हातापायावरच्या खरखरीत असतील तर एका बाटलीतलं काळपट औषध काडीच्या टोकाने लावायची, आणि त्याआधी भोवती चुन्याचं कडं करायची, म्हणजे चांगल्या कातडीला चटका बसायला नको. तोंडावरच्या, डोळ्याजवळच्या चामखिळीला हात लावायची नाही. पैसे घ्यायची नाही. सगळ्या गळून गेल्या की एक नारळ, बस.

आणि एक अट होती. ती प्रत्येकाकडून वदवून घ्यायची. माझं औषध पुरं होईपर्यंत दुसऱ्या कुणाचा हात लावून घ्यायचा नाही. डॉक्टर नाही, वैद्य नाही, कुणी नाही. नाहीतर गुण जातो.

या अटीनेच सगळा घोळ केला.

निसारच्या दोन्ही हातांच्या बोटांवर चामखिळी होत्या. मागावर धागा तुटला की बोटांनी गाठ मारावी लागते. चामखिळीत धागा अडकतो, पुन्हा तुटतो, कधी रक्त येतं आणि कापडावर डाग पडतो. मालेगावात एकाने त्या जाळून दिल्या होत्या, त्या परत आल्या. वडाळ्यात भावाच्या शेजारी कुणीतरी ताहेराला भागूचं नाव सांगितलं. भागूने आधी डावा हात घेतला. म्हणाली, खायचा हात मागून, एक तरी हात धड असू दे. उन्हाळाभर तो येत राहिला आणि डावा हात साफ झाला. खूण म्हणून शोधायला गेलं तरी सापडत नाही. तेव्हा तो नारळ घेऊन आला होता. भागूने परत दिला. "अर्धा नारळ मी घेत नाही. दुसरा हात झाला की आण."

त्या रविवारी उजवा हात सुरू करायचा होता.

तेराव्यानंतर लोक येत राहिले. भेटायला नाही, औषधाला. एक बाई दारातच पाय वर करून टाच दाखवायला लागली. मी म्हटलं, अहो ती वारली. तर म्हणते, "अगंबाई! मग आता कोण देतं?" दुसरा एक जण फोटोला हात जोडून झाल्यावर म्हणाला, "काका, बाटली असेलच ना घरात?" मी दार लावून घेतलं. नंतर पाटी लिहून लावली, औषध बंद आहे. तरी बेल वाजायचीच. पाटी वाचूनच बेल वाजवायचे.

निसार मात्र कधी हाताचं बोलला नाही. तो शुक्रवारी, जुम्म्याच्या सुट्टीला यायचा, मुबीनकडे आलो होतो म्हणायचा, भाजी आणून द्यायचा. उजवा हात खिशात. मीच एकदा म्हटलं, दाखव. दाखवेना.

ताहेराने त्याचा हात ओढून बाहेर काढला. "बघा चाचा. सेठने मागावरून काढलं याला. कांड्यांवर सूत भरायला बसवलं, पोरांच्या कामाला. मी सांगून थकले, डॉक्टरकडे चल. तर म्हणतो, चाचीला शब्द दिलाय."

"दिलाय तर दिलाय," निसार म्हणाला.

"चाची नाही राहिली."

"म्हणून काय शब्द पण नाही राहिला?"

हाताची दशा वाईट होती. एक चामखीळ नखाच्या कडेने आत शिरली होती. मी ते बघितलं आणि डोक्यात एकच गोष्ट बसली. भागूने हातात घेतलेलं काम ती कधी अर्धं टाकत नसे. निवडायला घेतलेलं सूप असो की कुणाचं बाळंतपण. हे एक काम अर्धं राहिलं होतं. ते पुरं झालं पाहिजे. कुणीही करो, पण झालं पाहिजे.

मी पेठला पुतळाबाईकडे गेलो. ती अंगणात नागलीचे पापड वाळत घालत होती. तिने पाणी दिलं, रडून घेतलं, मग मी विषय काढला.

"झाड कोणतं ते तुला ठाऊक आहे का?"

"हाय ना. बारकेपणी दोघी संगंच जायचो."

"मग सांग."

"ते माझं नाय, दाजी."

"मग कुणाचं?"

"भागीचं."

"भागी गेली पुतळाबाई!"

"मंग तिच्याबरोबर गेलं."

मी डोक्याला हात लावला. म्हटलं, "बरं, नाव सांगू नको. तू स्वतः ये. गुपचूप लाव त्याला. कोणाला कळतंय?"

"झाडाला कळतंय. माझ्या हातानं त्याला गुण यायचा नाय, वर माझी कावीळबी जायची. मंग ह्या गावात पिवळं झालेलं पोर मी कुणाकडं धाडू? तुमच्याकडं?"

"दवाखान्यात धाड."

"दवाखान्यातबी धाडतेच की. औषध देते अन् वर दवाखान्यातबी धाडते. माझं तसं नसतं. काविळीला मी कधी आडकाठी केली नाय."

"मग भागूचीच अट अशी का?"

"आईनं तिला तशी दिली. तिचं औषध आग करणारं. वर कुणी आणिक आग करणारं लावलं तर बोट जायचं. म्हणून बंदी."

हे कळलं आणि मला आणखी राग आला. म्हणजे अट हाताला जपण्यासाठी होती. आता औषधच नाही, तर अट कशासाठी? मी म्हटलं, "मग तूच फोनवर सांग त्याला. अट सुटली म्हणून."

"मी कशी सोडू? बांधली तिनं."

जिने बांधली तिनेच सोडायची. ती तर निघून गेली. मी पापडावरून कोंबड्या हाकलल्या आणि परत आलो.

घरी भागूची बाटली काढली. झाकण उघडून वास घेतला, काही कळलं नाही. काडी बुडवून माझ्याच मनगटावर एक ठिपका लावला. चुन्याचं कडं करायचं विसरलो. दुसऱ्या दिवशी तिथे हा एवढा फोड. हेच निसारच्या बोटाला लावायचं माझ्या मनात होतं.

फोड घेऊन मी आशा मॅडमकडे गेलो. त्या आमच्याच भागात आयुर्वेदाचा दवाखाना चालवतात, रीतसर शिकलेल्या वैद्य आहेत. त्यांनी मलम लावलं आणि मला झापलं.

"काका, याच्यात बिब्बा असेल, नाहीतर कसला चीक. मलाही वासावरून सांगता येणार नाही. माहीत नसलेलं औषध असं लावतात का? उद्या बोट सडलं असतं कुणाचं तर?"

मी निसारचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे त्याला चर्मकील म्हणतात. उपचार आहेत. आघाड्याचा क्षार लावता येतो, तापवलेल्या शलाकेने, सळीने, डाग देता येतो. पण आधी साखर तपासायची, हात बघायचा. नखाखाली गेलेली मी करणार नाही, ती त्वचेच्या डॉक्टरांकडेच. घेऊन तर या."

घेऊन या म्हणायला काय जातं. निसार तयार होईना. शेवटी मी खोटं बोललो. फोनवर म्हटलं, "निसार, तुझी चाची स्वप्नात आली होती. म्हणाली, त्याला सांग, अट सोडली."

तो मग म्हणाला, "चाचा, चाची तुमच्या स्वप्नात आली तर तुमच्याशी बोलेल. जेवता का, गोळ्या घेता का, ते विचारेल. माझ्या हाताचं कशाला बोलेल?"

खरं म्हणजे ती एकदाही आलेली नाही.

त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, पण पुढच्याच सुट्टीला तो आला. म्हणाला, "तुमच्यासाठी येतो. नुसतं दाखवायला. हात लावून घेणार नाही." ताहेरा मागून मला खुणेने सांगत होती, चला, चला, एवढं तरी पुष्कळ झालं.

आशा मॅडमनी भिंग लावून हात बघितला. हात न लावताच बघितला, मी आधी सांगून ठेवलं होतं. बोटं पसरायला लावली, काही प्रश्न विचारले, साखरेची तपासणी लिहून दिली. मग डावा हात मागितला.

"हा छान बरा झालाय. डाग पण नाही."

"चाचीने केला," निसार म्हणाला. त्याचा चेहरा पहिल्यांदा जरा मोकळा झाला.

मी गप्प बसायला हवं होतं. पण मला ऐकायचं होतं. इतके महिने कुणी तिच्याबद्दल चांगलं बोललं नव्हतं, नुसती बाटली मागत होते. मी म्हटलं, "मॅडम, चांगलं काम केलं ना तिने?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "काका, खरं सांगू का? चामखिळी विषाणूमुळे येतात. पुष्कळदा शरीरच त्यांना घालवतं. डाव्या हातावरच्या औषधाने गेल्या की आपोआप गेल्या, हे मला सांगता येणार नाही."

त्या वाईट हेतूने बोलल्या नाहीत. विचारलं म्हणून सांगितलं. पण ते माझ्या कानात आगीसारखं शिरलं. आपोआप! म्हणजे दर रविवारी पहाटे उठून, उपाशी बसून, अनोळखी लोकांचे पाय मांडीवर घेऊन ती काय करत होती? मला ओरडायचं होतं. माझ्या आधी निसार उठला.

"आपोआप जातात ना? मग ह्या हाताच्या का नाही गेल्या? दोन्ही हात माझेच आहेत."

"तेही मला सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"तुम्हाला सांगताच येत नाही, तर करता काय येणार?" असं म्हणून तो चपला घालून बाहेर पडला. ताहेराने मॅडमची माफी मागितली. मॅडम म्हणाल्या, "असू दे. राग शांत झाला की घेऊन या. ते नखाजवळचं लांबवू नका मात्र."

आम्ही त्याला द्वारका सर्कलपाशी गाठलं. मालेगावची गाडी यायची होती. पुलाखाली गाड्यांचा आवाज, त्यात आमचं भांडण.

ताहेरा म्हणाली, "मोठा आला चाचीवाला! धागा बांधायला चाची येणार का कबरीतून?"

"त्यांच्यात जाळतात," निसार म्हणाला.

"तेच तर म्हणते! ती राख होऊन गोदावरीत गेली, आणि तू इकडे तिचं ऐकत बसलाय."

मग तिच्या लक्षात आलं मी तिथेच उभा आहे. तिने पदर तोंडाला लावला. "माफ करा चाचा."

मी म्हटलं, "माफी राहू दे, बरोबर बोलतेस." आणि निसारकडे वळलो. आता गंमत अशी की मॅडमचा राग मलाही आला होता, आणि मलाच मॅडमची बाजू घ्यायची होती. "अरे, ती बाई खरं बोलली. खोटं बोलून पैसे काढता आले असते तिला. चाचीला दूषण दिलं नाही तिने. माहीत नाही म्हणाली."

"चाचा, तुम्हाला नाही वाईट वाटलं?"

"वाटलं."

"मग?"

"मग काय? माझ्या वाईट वाटण्याने तुझं बोट बरं होणार आहे का? मी नवरा आहे तिचा. मी सांगतो, अट सुटली. माझ्या हक्काने सांगतो."

त्याच्या डोळ्यात पाणी होतं, पण तो हट्टालाच पेटला होता. "चाचा, घर तुमच्या हक्कात, चाची तुमच्या हक्कात. पण ते औषध तुमच्या हक्कात कधीच नव्हतं. तुम्ही कसं सोडणार?"

पुतळाबाईचंच बोलणं. ही पेठची बाई, हा मालेगावचा माणूस, एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नाही, आणि दोघे मला एकच ऐकवतात. मी इतका चिडलो की रस्त्यातच त्याला म्हटलं, "भागू असती ना, तर आज तुझ्या थोबाडीत दिली असती. म्हणाली असती, गाढवा, बोट घालवू नको म्हणून सांगितलं, आणि तू त्याच शब्दावर बोट घालवतोस!"

हे मी रागात बोललो, पण बोलून गेल्यावर कळलं की हे खरं आहे. ती अगदी असंच म्हणाली असती. निसारलाही ते लागलं असावं. तो खाली मान घालून उभा राहिला. तेवढ्यात गाडी आली. गर्दीत ताहेरा पुढे चढली, तो मागे. चढताना त्याने दांडा डाव्या हाताने धरला.

आता दर दोन-चार दिवसांनी त्याचा फोन येतो. "चाचा, जेवण झालं? गोळी घेतली?" मी विचारतो, हात? तो म्हणतो, ठीक. मग ताहेरा फोन ओढून घेते आणि खरं ते सांगते. करंगळीवर एक नवीन आली आहे. साखर तपासली, ती नीट आहे. तेवढं तरी त्याने केलं, सुईला हात दिला. तिच्या मते ही सुरुवात आहे. मला तसं म्हणवत नाही.

काल ताहेरा म्हणाली, थोबाडीत मारली असती हे तुम्ही बोललात ते तो घरी दोनदा बोलून दाखवत होता. मी विचारलं, मग येतो का? ती म्हणाली, विचारलं नाही, विचारलं की अडतो.

मी आशा मॅडमकडे जाऊन आलो. पुढच्या जुम्म्याची वेळ त्यांनी ठेवली आहे, आणि नखाजवळच्यासाठी त्वचेच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली आहे. निसार अजून हो म्हणालेला नाही. त्याच्या उजव्या हाताला कुणीही औषध लावलेलं नाही.